नदीखालची भेग आणि आपल्या घराची भिंत



२०२४ मध्ये २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला, सकाळी सकाळी आपल्याकडे जमीन हादरली. दोन्ही वेळा केंद्र शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात होतं, तीव्रता ४.५. तेव्हापासून गटातल्या बाया विचारतात, जमिनीखाली काय चाललंय ते कुणाला दिसतं का?

दिसत नाही, पण ऐकता येतं. आडात हाक मारली की आवाज आपटून परत येतो ना, तसंच. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात १८११-१२ साली मोठे भूकंप झाले. तिथल्या भेगा गाळाखाली दडलेल्या. २००८ साली शास्त्रज्ञांनी त्या नदीतून बोट चालवली. बोटीवरचं यंत्र दाबलेल्या हवेचा बार पाण्यात सोडतं. तो आवाज तळातून खाली जातो आणि मातीच्या, खडकाच्या प्रत्येक थरावरून थोडा थोडा परततो. बोटीमागे ओढलेल्या लांब केबलमधली यंत्रं तो टिपतात. आवाजाला परतायला किती वेळ लागला, त्यावरून थराची खोली कळते. थर गोधडीच्या पदरांसारखे सलग दिसले तर भेग नाही. एके जागी तुटून वरखाली सरकलेले दिसले, तर तिथे भेग आहे. तिला भ्रंश म्हणतात. जमिनीवर जागोजागी यंत्रं रोवावी लागतात. बोटीचं काम चालता चालता होतं.

आपल्या राज्यात कोयनेला १९६७ साली मोठा भूकंप झाला. तिथे अभ्यासासाठी गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल बोअर घेतलं आहे.

पण मैत्रिणींनो, भेग सापडली तरी भूकंपाची तारीख कोणतंच यंत्र सांगत नाही. मोबाइलवर 'आज रात्री होणार' असा निरोप आला तर तो पुढे पाठवू नका.

आपल्या हातात आहे ते घर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला हजारो माणसं गेली, ती दगडमातीच्या भिंती आणि जड माळवद अंगावर पडून. माळवदावर दरवर्षी नवी माती टाकतो, जुनी काढत नाही. ओझं वाढतच जातं. यंदा आधी जुनी माती उतरवा. घरासाठी गटातून कर्ज घेणार असाल, तर गवंड्याला दोन गोष्टी सांगा: दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड घाल, आणि दाराच्या वर सगळ्या भिंतींवरून सळईचा काँक्रीट पट्टा फिरव.

पुढच्या बैठकीत आपापल्या गल्लीतली माळवदाची घरं मोजून या. कुणाचं काम आधी करायचं, ते सगळ्या मिळून ठरवू.