स्क्रीन रीडर निवडण्याआधी नोट्स तपासा

कॉलेजात प्रवेश मिळालेल्या दृष्टिहीन मुलीसाठी लॅपटॉप आला की घरात चर्चा सुरू होते: पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, कोणता घ्यायचा? महागडा तोच चांगला असणार, असं सगळ्यांना वाटतं.

त्यातलं जुनं, नावाजलेलं नाव जॉज. अपघातात दृष्टी गेलेल्या टेड हेंटर या अमेरिकी प्रोग्रामरनं ते डॉसच्या काळात उभं केलं. एखाद्या कचेरीच्या खास सॉफ्टवेअरशी जुळवून घेण्यात ते आजही तरबेज आहे, पण किंमत विद्यार्थ्याला पेलणारी नाही. दुसरं एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये ते लिहायला घेतलं, ते अंधांना डोळसांपेक्षा जास्त पैसे मोजावे लागू नयेत म्हणून. ते पूर्ण मोफत आहे आणि पेनड्राइव्हवरूनही चालतं, त्यामुळे लॅबच्या संगणकावर ते बसवून द्या म्हणून कुणाची मनधरणी करावी लागत नाही. सोबतचा ईस्पीक आवाज मराठीही वाचतो. तो यांत्रिक वाटतो, पण सराव झाला की भरभर ऐकता येतो. सुरुवात यानंच करावी, असं माझं ठाम मत आहे. पुढे नोकरीत जॉज लागलंच तरी शिकलेलं वाया जात नाही. वेबपानावर एच दाबून पुढच्या मथळ्यावर जाणं दोन्हींत सारखंच.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडच्या कितीतरी नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना त्या मराठी दिसतात, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि कानावर निरर्थक बडबड पडते. झेरॉक्स स्कॅन करून केलेली पीडीएफ म्हणजे तर नुसतं चित्र. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, केलं तरी जोडाक्षरं हमखास बिघडतात. यावर महागडं सॉफ्टवेअर हा इलाज नाही.

म्हणून सत्र सुरू होताच प्रत्येक विषयाची एकेक फाइल उघडून ऐकावी. जी वाचली जात नाही, तिची युनिकोड प्रत विभागाकडे लेखी मागावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं गरजेनुसार वाजवी सोय करून देणं मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांवर बंधनकारक केलं आहे. गणित, अर्थशास्त्र घेतलेल्यांनी आणखी एक मागणी करावी: समीकरणं चित्र म्हणून चिकटवू नका, वर्डच्या समीकरणाच्या सोयीतूनच टाइप करा. मॅथकॅट या मोफत सोयीच्या मदतीनं एनव्हीडीए तशी समीकरणं वाचून दाखवतं.