काटा हळू फिरवा

आपण बहुतेक जण ठरलेलं स्टेशन लावतो आणि कामाला लागतो. काही मंडळी मात्र स्टेशन शोधण्यासाठीच रेडिओ लावतात. लघुलहरींवर, म्हणजे शॉर्टवेव्हवर, दूरदेशीची केंद्रं हुडकण्याच्या या छंदाला ‘डीएक्सिंग’ म्हणतात. आपल्या आधीच्या पिढीने तो नाव न कळताच केला. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले, त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गेली, आणि घरोघरचा काटा रेडिओ सिलोनकडे सरकला!

सिलोन ऐकू यायचं ते आकाशाच्या कृपेने. जमिनीपासून साधारण शंभर ते तीनशे किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेले हवेचे थर आहेत. लघुलहरी तिथून वळून खाली येतात, जमिनीवरून पुन्हा वर जातात आणि असे टप्पे घेत समुद्र ओलांडतात. एडवर्ड अ‍ॅपल्टन यांनी १९२४ मध्ये या थराचा पुरावा प्रयोगाने दिला. १९४७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सूर्य मावळला की हे थर बदलतात. म्हणून दिवसा १९ किंवा २५ मीटरचा पट्टा चाळावा, रात्री ३१, ४१ नाहीतर ४९ मीटरचा.

लघुलहरींचा साधा ट्रान्झिस्टर पुरतो. एरियलला पाच-सात मीटर तार जोडून खिडकीबाहेर सोडा. विजेच्या तारांपासून ती लांब हवी आणि पावसाळी गडगडाटात काढून ठेवायला हवी. घरातले मोबाइलचे चार्जर, एलईडीचे दिवे बंद करा. खरखरीचं मूळ बहुधा तिथेच असतं. मग काटा केसाएवढा फिरवत जायचं. भाषा कळली नाही तरी थांबा. निदान माझ्यासारख्या कविता करणाऱ्याला नुसता नादही पुरतो.

आता वही काढा. तारीख, जागतिक वेळ (आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा), मीटर, आवाजाची प्रत आणि कानावर काय पडलं ते लिहा. हा अहवाल केंद्राला पाठवला, की पुष्कळ केंद्रं ‘क्यूएसएल’ नावाचं सचित्र पोचकार्ड पाठवतात. ‘छान ऐकू आलं’ एवढ्यावर मात्र कार्ड मिळत नाही. कार्यक्रमातला तपशील द्यावा लागतो, कारण आपला आवाज कुठवर पोचतो हे केंद्राला त्यावरूनच कळतं.

पोलिसांचे आपसातले संदेश चोरून ऐकण्याच्या वाटेला जाऊ नये. स्वतः बोलायचं असेल तर हॅमची परीक्षा आणि परवाना आहे. नुसत्या ऐकण्याला यातलं काही लागत नाही.

केंद्रं कमी होत आहेत, हे खरं. बीबीसीची हिंदी सेवा जानेवारी २०२० मध्ये लघुलहरींवरून थांबली. पण मार्च २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटताच त्याच बीबीसीने तिथल्या लोकांसाठी लघुलहरींवर रोज चार तास इंग्रजी बातम्या सुरू केल्या. इंटरनेट बंद पाडता येतं. आकाशावरून वळून येणारा आवाज अडवणं त्याहून पुष्कळ अवघड.

माळ्यावर जुना ट्रान्झिस्टर असेल तर आज खाली काढा. सेल मात्र आधी तपासा, बहुधा गळलेले असतील.