रस्त्यात जमीन गेली? कलम ३००-अ माहीत हवंच!

"मालमत्तेचा हक्क आता मूलभूत राहिलेला नाही, सरकार कधीही जमीन घेऊ शकतं." हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. पहिला अर्धा भाग खरा, दुसरा साफ चुकीचा.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला, पण त्याच दुरुस्तीने कलम ३००-अ आणलं: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. फरक पडला तो दाद मागण्यात. या हक्कासाठी कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. उच्च न्यायालयाचं दार कलम २२६ खाली उघडंच आहे.

हिमाचलच्या विद्यादेवींचं प्रकरण मुद्दाम वाचा. १९६७-६८ मध्ये त्यांची जमीन भूसंपादन न करताच रस्त्यात गेली. सरकारचा बचाव काय? इतकी वर्षं ताबा आमचा, म्हणून जमीन आमची! सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो धुडकावला आणि भरपाई द्यायला लावली. उशीर झाला हे कारणही चाललं नाही. नागरिकाच्या जमिनीवर सरकारने वहिवाटीने मालकी सांगणं मला तरी संतापजनक वाटतं.

तर रुंदीकरणाची आखणी तुमच्या बांधाच्या आत आली, तर भूसंपादनाची नोटीस लेखी मागा. मोजणीला स्वतः हजर राहा, हरकत मुदतीत नोंदवा, पोच घ्या. संमतिपत्रावर मात्र मोबदल्याचा आकडा वाचल्याशिवाय सही नको.