पथ्याला अवधी हवा

ज्वर उतरल्यानंतर रुग्णाने व्यायाम, व्यवाय, स्नान आणि फार हिंडणे-फिरणे कोठवर टाळावे, या प्रश्नाचे उत्तर चरकाचार्यांनी दिवस मोजून दिलेले नाही. ज्वरचिकित्सेत त्यांनी ते रुग्णाच्या बलाशी बांधले आहे. बल परतले की पथ्य सुटले. हा भाग आपण सर्वांनीच विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे आणि पुनरावर्तक ज्वराचे भय दाखवून रुग्णांना रोज सांगतही असतो. त्यातील एका गोष्टीकडे मात्र आपले लक्ष क्वचित जाते. आचार्यांनी पथ्य सांगतानाच ते कशाने सुटेल हेही सांगितले आहे. कोविडच्या दोन वर्षांत सबंध महाराष्ट्राने जे पथ्य पाळले त्यात नेमके हेच राहून गेले. साथीच्या भरात जो समाज निमूट राहिला तोच समाज साथ ओसरत असताना संतापला, याचे मूळ आम्हांस येथे दिसते.

निमूट राहिला हे शब्दशः खरे आहे. १३ मार्च २०२० रोजी राज्य शासनाने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. त्या दिवशी गुढीपाडवा होता. लोकांनी दाराशी गुढी उभारली आणि दार लावून घेतले. आषाढीला पायी वारी नाही, माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरपुरास गेल्या, असे २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे घडले. वारकऱ्यांनी तेही सोसले. रोग नवा होता, औषध ठाऊक नव्हते, शेजारच्या घरातला माणूस चार दिवसांत जात होता. हेतू डोळ्यांसमोर असला की माणूस लंघनही आनंदाने करतो, हा आपला नित्याचा अनुभव आहे.

कुरकूर सुरू झाली ती सवलती मिळू लागल्यावर. जून २०२० मध्ये ‘पुनश्च हरिओम’ झाले आणि रस्त्याच्या एका बाजूची दुकाने सम तारखेस, दुसऱ्या बाजूची विषम तारखेस उघडू लागली. विषाणूला तिथी-वार कळतो काय, असा प्रश्न तेव्हा प्रत्येक बाजारपेठेत ऐकू येत असे. ऑगस्टच्या २० तारखेपासून एस.टी. जिल्ह्याबाहेर धावू लागली व तिच्या प्रवाशांस ई-पास लागत नव्हता. परंतु स्वतःच्या गाडीतून एकट्याने जाणाऱ्यास तो लागत होता, आणि ही विसंगती २ सप्टेंबरपर्यंत चालली. पास मिळविण्यासाठी चार-चार दिवस खेटे घालणाऱ्या माणसाला शेजारून जाणारी एस.टी. दिसली की त्याचा नियमावरचा विश्वास उडतो, आणि एका नियमावरचा उडालेला विश्वास उरलेल्या नियमांवरही टिकत नाही. मास्क हनुवटीवर घसरले ते याच काळात.

संसर्जनक्रमाशी याची तुलना करण्याचा मोह आवरत नाही. शोधनानंतर पेया, विलेपी, यूष, रस असे चढत जाताना प्रधान शुद्धीस बारा, मध्यम शुद्धीस आठ आणि अवर शुद्धीस चार अन्नकाल दिले आहेत. सात, पाच किंवा तीन दिवसांत रुग्ण प्रकृत आहारावर येतो. प्रत्येक पायरीचे कारण अग्नीत आहे आणि प्रत्येक पायरीला शेवट आहे. रुग्णाला पहिल्याच दिवशी सातवा दिवस ठाऊक असतो, म्हणून तो पेया मुकाट्याने पितो.

शासनाला हे सुचलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ७ जून २०२१ पासून राज्यात जी पाच स्तरांची रचना आली ती आमच्या मते या दोन वर्षांतील सर्वांत शास्त्रशुद्ध व्यवस्था होती. तपासण्यांतील बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांखाली आणि प्राणवायूच्या खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या असल्या तर पहिला स्तर. प्रमाण २० टक्क्यांवर किंवा खाटा ७५ टक्क्यांवर गेल्या तर पाचवा. दर आठवड्यास आकडे पाहायचे व त्यानुसार स्तर ठरवायचा. जिल्ह्याचे बल मोजण्याची ही रीत होती. दुकानदार, हॉटेलवाले, जिममध्ये जाणारी मुलेही तेव्हा आपल्या जिल्ह्याचा आकडा विचारीत असत. नियमाशी लोकांचे नाते जुळू लागले होते.

ते तीन आठवडेही टिकले नाही. २५ जूनला ‘डेल्टा प्लस’च्या भयाने पहिले दोन स्तर बाजूला ठेवण्यात आले. आकडा कितीही चांगला असो, कोणताही जिल्हा तिसऱ्या स्तराच्या वर जाणार नाही, असे ठरले. भय निराधार होते असे आम्ही म्हणत नाही. एप्रिल-मेमधील प्राणवायूसाठीची धावाधाव सर्वांच्या डोळ्यांसमोर ताजी होती. परंतु अग्नी प्रदीप्त झालेल्या रुग्णाला, ‘तुमची भूक उत्तम आहे, तरी पुढील आदेशापर्यंत पेयाच घ्या’ असे सांगण्यासारखे ते झाले. आकडा विचारणे लोकांनी सोडले. दुकाने सायंकाळी ४ वाजता बंद व्हायची, म्हणून दुपारी ३ ला झुंबड उडायची. गर्दी टाळण्याच्या नियमानेच गर्दी केली. ऑगस्टच्या आरंभी २२ जिल्ह्यांना रात्री ८ पर्यंतची मुभा मिळाली आणि पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर आदी ११ जिल्हे तिसऱ्या स्तरावरच राहिले, तेव्हा पुण्याचे व्यापारी रस्त्यावर उतरले आणि ४ नंतरही दुकाने उघडी ठेवू लागले. आठवड्याच्या आत पुण्याची वेळ वाढवून द्यावी लागली. ज्यांनी आदल्या वर्षी महिनोन्महिने कुलूप लावून घर सांभाळले, त्याच माणसांना बेशिस्त म्हणावे हे आम्हांस पटत नाही.

याच पुण्याने हा अनुभव एकदा घेतलेला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला आणि त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड पुण्याच्या प्लेग समितीचे प्रमुख झाले. गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती, देवघर-स्वयंपाकघरात बुटांसह शिरणे, स्त्रियांची तपासणी, सामानाची होळी, हे सर्व आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. एक गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. चापेकरांनी रँडवर गोळी झाडली ती २२ जून १८९७ च्या रात्री. त्या वेळी पुण्यातील साथ ओसरली होती आणि झडत्याही थांबल्या होत्या. साथ गेली तरी तिच्या नावाने झालेला अपमान राहिला होता. २०२० मधील शासन व १८९७ मधील सत्ता यांची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही, ती होऊही शकत नाही. परंतु कायदा तोच आहे, आणि त्या कायद्याने मिळणारे अधिकार केव्हा संपतात यावर तो आजही विशेष काही बोलत नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांस कठोर शिक्षा व्हावी म्हणून. ती आवश्यकच होती. अवधीचा प्रश्न मात्र जसाच्या तसा राहिला.

हेतू बदलला तरी नियम कसा उरतो, याचे उत्तम उदाहरण निर्जंतुकीकरणाचे आहे. आरंभी हा रोग पृष्ठभागांच्या स्पर्शाने पसरतो अशी समजूत होती. म्हणून दाराच्या कड्या, नोटा, भाजी, दुधाच्या पिशव्या, सारे पुसले गेले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सी.डी.सी. या संस्थेने स्पर्शातून होणाऱ्या संसर्गाचा धोका अत्यल्प असल्याचे स्पष्ट केले आणि त्याच सुमारास बंदिस्त हवेतून होणाऱ्या प्रसारावर जगाचे एकमत होत गेले. तरी आपल्याकडे कार्यालयांच्या दाराशी पायाने दाबायची सॅनिटायझरची घोडी पुढे वर्षभर उभी राहिली आणि आत वातानुकूलन यंत्र लावून खिडक्या बंद. रजिस्टरात नाव-नंबर लिहायचा, त्यासाठी एकच पेन शंभर हातांतून फिरायचे. जनपदोध्वंसाच्या अध्यायात वायू प्रथम सांगितला आहे म्हणून चरकांना हे सर्व ठाऊक होते, अशा वल्गना काही मंडळींनी केल्या. त्या आम्हांस मान्य नाहीत. खिडकी उघडा एवढे सांगितले असते तरी पुरे होते.

लोकल गाड्यांचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच प्रवेश, ही अट त्या वेळी समजण्यासारखी होती. लसीने गंभीर आजार व मृत्यू घटले याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु जानेवारी २०२२ च्या ओमिक्रॉन लाटेत दोन मात्रा घेतलेल्यांनाही सर्रास संसर्ग झाला आणि प्रवाशांत संसर्ग पसरू नये हा त्या अटीचा हेतू लटका पडला. फेब्रुवारीत उच्च न्यायालयातही या अटीची छाननी झाली. अट मात्र मार्चअखेरपर्यंत राहिली. अखेर २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्यापासून राज्यातील सर्व निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. पाडव्याला सुरू झालेले पथ्य पाडव्यालाच सुटले. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेभाड्यात मिळणारी सवलत, जी २० मार्च २०२० पासून थांबवली होती, ती मात्र तेव्हा परत आली नाही. अनावश्यक प्रवास टळावा हे तेव्हा दिलेले कारण होते. कारण गेले, नियम उरला. तालुक्याच्या गावाहून बस्तीसाठी दर महिन्याला येणाऱ्या वृद्ध रुग्णांस याचा भार किती होतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

उलट एक उदाहरण औषधी दुकानदारांच्या स्मरणात असेल. १३ मार्च २०२० रोजी मास्क व सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू ठरले, पाठोपाठ तीनपदरी मास्कला १० रुपये आणि २०० मि.ली. सॅनिटायझरला १०० रुपये अशी कमाल किंमत ठरली, आणि हे सर्व ३० जूनपर्यंत, असे आदेशातच लिहिले होते. मुदत संपली, नियम संपला. त्याविरुद्ध कोणी मोर्चा काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता आपल्या घरात पाहावे लागेल. २०२० च्या वसंतात आयुष मंत्रालयाने काढा, हळदीचे दूध, वाफ इत्यादी सांगितले. तुळस चार भाग, दालचिनी व सुंठ प्रत्येकी दोन, मिरी एक, हे ‘आयुष क्वाथा’चे प्रमाण आपल्या दुकानदारांस तोंडपाठ झाले. द्रव्ये उत्तम आहेत. परंतु कोणी, कोणत्या ऋतूत, किती दिवस घ्यावे, हा भाग लोकांपर्यंत पोहोचलाच नाही, आणि विकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो सांगितला. पित्तप्रकृतीची माणसे विदर्भाच्या वैशाखात दिवसातून तीन वेळा सुंठ-मिरीचा काढा पीत होती, तीच शरदातही. अम्लपित्त, मुखपाक, गुददाह, मूळव्याधीचा रक्तस्राव अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांस ‘काढा घेता काय?’ हा प्रश्न विचारणे आम्हांस २०२२ मध्येही भाग पडत होते. ‘बंद करा असे कोणी सांगितले नाही,’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. निर्बंधांविषयी व्यापाऱ्यांचे जे गाऱ्हाणे, तेच या रुग्णांच्या तोंडी होते. फरक इतकाच की, आपले रुग्ण मोर्चा काढीत नाहीत. ते मुकाट्याने दुसऱ्या पॅथीकडे जातात आणि ‘आयुर्वेदाचे औषध गरम पडते’ असे चार जणांना सांगतात.

सर्वच नियम सोडून द्यावेत असा याचा अर्थ कोणी काढू नये. जांभई, शिंक वा हास्य यांच्या वेळी मुख झाकावे, हे सद्वृत्तात सांगितले आहे. त्याला साथीची गरज नव्हती आणि साथ गेल्याने ते रद्द होत नाही. संसर्गजन्य विकार स्पर्शाने, सहवासाने, एकत्र भोजन-शयनाने संक्रांत होतात हे सुश्रुतांनी निदानस्थानात कुष्ठाच्या संदर्भात नोंदवले आहे. जे सद्वृत्त आहे ते नित्य ठेवावे, जे आपद्धर्म आहे ते आपत्तीबरोबर जाऊ द्यावे. दोहोंची सरमिसळ झाली की लोक दोन्ही टाकतात. आज क्षयाचा रुग्णसुद्धा मास्क लावण्यास नाखूश असतो, ‘तो नियम गेला ना आता’ म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे घोषित केले. त्यानंतरही आम्ही अनेक चिकित्सालयांच्या दारावर ‘मास्कशिवाय प्रवेश नाही’ अशी उन्हाने विटलेली पाटी पाहिली आहे; आत वैद्यही विनामास्क आणि रुग्णही. अशी पाटी काढावी. तिच्या जागी, ताप-खोकला असणाऱ्यांनी मास्क लावावा व खिडकीजवळच्या बाकावर बसावे, एवढीच सूचना लावावी आणि प्रतीक्षाकक्षाची खिडकी खरोखर उघडी ठेवावी. पुढे एखाद्या साथीत स्थानिक प्रशासनाने आपल्या संघटनेचा सल्ला घेतला, तर प्रत्येक निर्बंधासोबत तो कोणत्या आकड्यावर उठेल हे आदेशातच लिहावे, असा आग्रह आपल्या प्रतिनिधींनी धरावा. औषधी दुकानदारांनी काढ्याच्या पुडीबरोबर छोटे सूचनापत्रक द्यावे. त्यावर किती दिवस घ्यावे, कोणी घेऊ नये आणि दाह झाल्यास थांबवावे, या तीन ओळी पुरेत. आणि आपण स्वतः चिकित्सापत्रावर ‘दही वर्ज्य’ असे लिहितो तेथेच पुढे, कोणत्या तारखेपर्यंत किंवा कोणते लक्षण जाईपर्यंत, हे लिहिण्यास अर्धी ओळ लागते.