पाण्याखालचा हिशेब : जादा यंत्र कोणतं आणि कशाला?

जळगाव-धुळ्याकडची बरीच मंडळी सुट्टीत मालवण-तारकर्लीला जाऊन स्कूबा करून येतात. पहिल्यांदा प्रशिक्षक धरून नेतो, सगळी मोजमापं तोच बघतो. पण रीतसर कोर्स करून आपण स्वतः उतरायला लागलो, की प्रश्न येतो : यंत्रं कोणती घ्यायची, आणि जादा काय ठेवायचं?

आधी मोजायचं काय, ते पाहू. समुद्रात दर 10 मीटरला दाब साधारण 1 बारने वाढतो. पृष्ठभागावर 1, 10 मीटरवर 2, 20 मीटरवर 3. म्हणजे 20 मीटरवर सिलिंडरमधली हवा तिप्पट वेगाने संपते. शिवाय दाबाखाली श्वासातला नायट्रोजन शरीरात मुरतो. झटकन वर आलो तर त्याचे बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. हवा किती उरली हे दाबमापक सांगतो; खोली, वेळ आणि नायट्रोजनचा हिशेब डाइव्ह कॉम्प्युटर ठेवतो.

जादा यंत्र निवडताना दोन गोष्टी बघायच्या. पहिली, ते मुख्य यंत्राबरोबरच बंद पडणारं नको. कॉम्प्युटर हवेचा दाब बिनतारी दाखवत असेल, तर नळीला जोडलेला साधा काट्याचा दाबमापकही ठेवा. त्याला बॅटरी लागत नाही.

दुसरी, जादा कॉम्प्युटर पहिल्या डाइव्हपासून अंगावर हवा. जळगावहून निघालेल्या एसटीत धुळ्याला बसलेला माणूस मागच्या रस्त्याचं काय सांगणार? बोटीवर पिशवीत राहिलेल्या कॉम्प्युटरचं तसंच. सकाळचा नायट्रोजन त्याला माहीतच नसतो. म्हणून मित्राचा मागून घेऊनही चालत नाही. दोन्हींचे आकडे जुळले नाहीत, तर जो लवकर वर यायला सांगतो त्याचं ऐकायचं.

एकच कॉम्प्युटर असताना तोच बंद पडला तर? डाइव्ह तिथेच संपली. सावकाश वर यायचं, हवा असेल तर 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं, आणि 24 तास पुन्हा उतरायचं नाही.

आपल्यासाठी आणखी एक. कोकणातून खान्देशात परतताना घाट लागतो, आणि उंचीवर हवेचा दाब कमी होतो. विमानासाठी एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्हनंतर 18 तास थांबतात. शेवटच्या दिवशी खोल उतरून लगेच गाडी घाटात घालू नका. निघण्याआधी कॉम्प्युटर बघा, प्रशिक्षकाला विचारा.