पोलादी कांडीतून उमटलेला यमन

गणरायाचे आगमन झाले, घराघरांतून केवड्याचा आणि उकडीच्या मोदकांचा सुगंध दरवळू लागला, की आम्हांस दरवर्षी न चुकता एका पोलादी कांडीचे स्मरण होते. करंगळीएवढ्या लांबीची, गुळगुळीत, हातात घेतली तर चांगलीच जड अशी ती कांडी. मंगलमूर्तीच्या उत्सवात अशा वस्तूची आठवण कशासाठी, असे वाचकांना वाटेल. म्हणून ती हकिगत आज सांगत आहोत.

ती गोष्ट १९९४ सालच्या गणेशोत्सवातली. गिरगावातल्या एका जुन्या चाळीच्या चौकात मंडप घातला होता. फलकावर खडूने लिहिले होते, ‘आज रात्रौ स्टील गिटारवादन’. आमच्यासमवेत चाळीतले एक वयोवृद्ध भजनी बुवा होते. फलक वाचताच त्यांच्या कपाळावर आठी उमटली. “देवापुढे वीणा शोभते, मृदंग शोभतो. हे सिनेमातलं खूळ इथं कशाला?” असे ते म्हणाले आणि खरे सांगायचे, तर आमच्याही मनात काही निराळे नव्हते. हवाइयन गिटार म्हटली, की चित्रपटगीतांच्या धुना, हीच त्या काळी बहुतेकांची समजूत होती. त्याच वर्षी पं. विश्वमोहन भट्ट यांना त्यांच्या मोहनवीणेसाठी अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिक मिळाले होते. परंतु ती मोहनवीणा म्हणजे मुळात तरफेच्या तारा जोडून संस्कारित केलेली गिटारच, हे आमच्या बुवांच्या गावीही नव्हते.

वादक आले ते पायीच. पांढरा सदरा, धोतर, एका हातात वाद्याची पेटी, मागोमाग तानपुरा सांभाळणारी त्यांची नात. कार्यकर्त्यांनी व्यासपीठावर मोठ्या अगत्याने खुर्ची मांडली होती. हे वाद्य आडवे मांडीवर घेऊन बहुधा खुर्चीत बसूनच वाजवतात. वादकांनी ती खुर्ची स्वतः उचलून बाजूस ठेवली. “मूर्तीसमोर खुर्चीत नको बसायला,” एवढेच म्हणाले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले. कांडी त्यांनी प्रथम गणरायाच्या चरणांशी ठेवली, नमस्कार केला, मग हाती घेतली. बुवांच्या कपाळावरची आठी किंचित सैल झालेली आम्ही पाहिली.

यमन सुरू झाला. पहिला षड्ज लागला तो इतक्या हळुवारपणे, की तो नेमका कोणत्या क्षणी सुरू झाला हे सांगता येऊ नये. निषादावरून कांडी वर सरकली, गंधारावर विसावली. दोन स्वरांमधली वाट कोठेही तुटली नाही. एखादा गायक एका श्वासात जी मींड घेतो, तीच ही तार घेत होती. तीव्र मध्यमाला त्यांनी कितीतरी वेळ दुरूनच हात लावला. आणि जेव्हा तो पूर्ण लागला, तेव्हा कठड्याला टेकून उभ्या असलेल्या बायकांमधून एक हलकासा उद्गार आला. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी कुकरने शिटी दिली. श्रोते हसले, वादकही हसले. शिटी थांबेपर्यंत त्यांनी पंचम तसाच धरून ठेवला आणि तेथूनच आलाप पुढे नेला.

या वाद्याची अवघड बाजू अशी, की पडद्यावर बोट दाबून स्वर मिळवण्याची सोय येथे नाही. तारा पट्टीपासून उंच उचललेल्या असतात; पडदे केवळ खुणेपुरते. उजव्या हाताच्या बोटांतील नख्यांनी तार छेडायची आणि डाव्या हातातील कांडी त्या तारेवर अलगद टेकवून सरकवायची. कांडी केसभर पुढेमागे झाली, तरी स्वर ढळतो. वादकाला आधार एकट्या कानाचा.

ही पद्धत हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. जोसेफ केकुकू या तिथल्या एका शाळकरी मुलाला तिचे श्रेय देतात. पुढे ती जगभर गेली. १९४० च्या दशकात टाउ मो हे हवाईचे वादक काही वर्षे सहकुटुंब कलकत्त्यास राहिले होते आणि बंगालमध्ये हे वाद्य चांगलेच रुजले. मात्र तारेवर गुळगुळीत वस्तू सरकवून स्वर काढणे आपल्याला मुळीच परके नव्हते. उत्तरेतली विचित्रवीणा काचेच्या गोळ्याने वाजते. दक्षिणेतल्या गोट्टुवाद्यावरही तसाच ठोकळा सरकतो. या पाहुण्या वाद्यावर रागदारीचा पूर्ण विस्तार करून दाखवला तो जोधपूरच्या पं. ब्रिजभूषण काबरा यांनी. सरोदनवाझ उस्ताद अली अकबर खाँ हे त्यांचे गुरू. १९६७ मध्ये निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस रागांतून उभा केला आहे. संतुरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि त्यांच्या बरोबरीने काबरांची गिटार. तबल्यावर माणिकराव पोपटकर. काबरा २०१८ मध्ये निवर्तले. ती ध्वनिमुद्रिका आजही रसिकांच्या घरी आवडीने ऐकली जाते.

बुवांच्या आक्षेपाविषयी एक गंमत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या पेटीवर ते जन्मभर भजने म्हणत आले, तीही युरोपातूनच आलेली! १९४० मध्ये नभोवाणीने पेटीला मज्जाव केला, तो तिच्यावर मींड निघत नाही आणि तिचे स्वर बांधीव आहेत, या कारणांनी. तो निर्बंध १९७१ पर्यंत शिथिल झाला नव्हता. जी मींड पेटीत नाही, तीच या दुसऱ्या पाहुण्या वाद्याचा प्राण आहे.

असो. द्रुत त्रितालात गत रंगात आली होती, तबला समेवर समेला भेटत होता, आणि अशा ऐन वेळी मंडळाच्या एका पदाधिकाऱ्याने वादकांच्या कानाशी लागून काही सांगितले. कोणी एक पाहुणे आले होते. त्यांना पुढे दुसरीकडे जायचे होते आणि आरती त्यांच्या हस्ते व्हायची होती. आम्हांस अतिशय राग आला. श्रोत्यांतूनही नापसंतीचा सूर उमटला. वादकांनी मात्र तबलजीकडे पाहून मान हलवली, छोटीशी तिहाई घेतली आणि समेवर थांबले. वाद्य बाजूस ठेवून ते खाली उतरले, गर्दीत उभे राहिले आणि कुणाच्या तरी हातातली झांज मागून घेऊन पूर्ण आरतीभर वाजवत राहिले.

आरती झाली, पाहुणे गेले, प्रसाद घेऊन निम्मी मंडळीही पांगली. आम्ही त्यांच्याजवळ जाऊन हळहळ व्यक्त केली. ते संकोचले. म्हणाले, “अहो, आम्ही त्याच्यासाठीच बसलो होतो ना? आरती त्याचीच झाली. आणि यमन काय, तो कुणाचा आजवर पुरा झालाय?”

मग बुवाच पुढे झाले. संध्याकाळी आठी घालून बसलेले ते वृद्ध गृहस्थ हात जोडून म्हणाले, “दमला नसाल तर भैरवी ऐकवा.” मंडपात जेमतेम पंधरावीस माणसे उरली होती. आवाज मोठा करणारे यंत्र कार्यकर्त्यांनी एव्हाना आवरून नेले होते. श्रोते सतरंजीवर अगदी पुढे सरकून बसले. विजेवर मोठा होणारा तो स्वर आता केवळ तारेपुरता उरला, इतका बारीक, की समईची वात फडफडली तरी ऐकू यावी. कोमल रिषभावरून षड्जावर येताना कांडी थरथरत थरथरत उतरली आणि बुवांनी डोळे मिटून घेतले. पाऊण तास ती भैरवी चालली असेल. कोणीही उठले नाही. कार्यकर्त्यांतली तरुण मुलेदेखील विड्या टाकून परत आत येऊन बसली.

बिदागीचे पाकीट त्यांनी घेतले. नको नको म्हणण्याचा देखावा केला नाही. त्यातली एक नोट काढून मूर्तीपुढच्या तबकात ठेवली आणि तारा फडक्याने एकेक करून पुसू लागले. बुवांनी ती पोलादी कांडी हातात घेऊन पाहिली, वजन जोखले, दिव्याकडे धरून फिरवली. “एवढीशीच?” त्यांनी विचारले.

“एवढीशीच,” वादक म्हणाले आणि पेटी मिटण्यासाठी त्यांनी कांडी परत मागितली. बुवांनी ती दिली. पण पेटी मात्र त्यांना उचलू दिली नाही. चाळीच्या दारापर्यंत ती स्वतः नेली.