सहा गुणांचे अंतर

दिवाळीच्या सुट्टीत जुने विद्यार्थी भेटायला येतात, हे मास्तरकीचे एक मोठे सुख. गेल्या दिवाळीत अशीच एक विद्यार्थिनी आली. हिंगणघाटकडच्या एका खेड्यातली ही मुलगी. माझ्या वर्गात मराठी शिकली, पुढे पुण्याला नोकरी करता करता फ्रेंच शिकली, आणि आता कॅनडाला जाण्याच्या खटपटीत होती. फराळाच्या ताटलीला हात न लावता तिने एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"सर, मला फ्रेंच येते की नाही, तुम्हीच सांगा!"

आता मी पडलो मराठीचा मास्तर. पण गुणपत्रिका कोणत्याही भाषेची असो, ती वाचण्यात माझा जन्म चालला आहे. कागद 'टीसीएफ कॅनडा' या परीक्षेचा होता. ऐकून समजणे 452, वाचन 470, लेखन वीसपैकी 11, संभाषण वीसपैकी 10.

या नुसत्या आकड्यांवरून कोणाला काय कळणार? म्हणून ते एखाद्या शिडीच्या पायऱ्यांना जोडावे लागतात. युरोपीय परिषदेने 2001 साली भाषाज्ञानाची अशी एक शिडी प्रसिद्ध केली. तिच्या पायऱ्या सहा : ए-1 पासून सी-2 पर्यंत. ए-1 वाल्याला आपले नावगाव सांगता येते. बी-2 वाल्याला त्या भाषेच्या माणसांशी फारसे न अडखळता बोलता येते. टीसीएफच्या ऐकण्या-वाचण्यात 400 ते 499 म्हणजे बी-2, आणि लेखन-संभाषणात 10 ते 13 म्हणजे बी-2. या हिशेबाने आमची मुलगी चारही बाबतींत बी-2 वर उभी होती.

पण कॅनडाची शिडी निराळी आणि तिच्या पायऱ्या बारा. फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी 2023 पासून त्या देशाने प्रवेशाची जी खास वाट काढली, तिच्यासाठी चारही कौशल्यांत सातवी पायरी लागते. ऐकण्यातली सातवी पायरी 458 ला सुरू होते. हिचे गुण 452. बाकी तीन विषयांत सातवी, ऐकण्यात सहावी. युरोपच्या शिडीवर पास, कॅनडाच्या शिडीवर सहा गुणांनी नापास!

मग ही रेघ ओढतो कोण? वाचकहो, ती माणसेच ओढतात. युरोपीय परिषदेने परीक्षा शिडीला कशी जोडावी याची पुस्तिकाच काढली आहे. 2003 साली प्राथमिक, 2009 साली पक्की. तिच्यातली एक रीत अशी. जाणकार शिक्षक एकत्र बसतात. जेमतेम बी-2 वर पोचलेला विद्यार्थी डोळ्यांपुढे आणतात आणि प्रत्येक प्रश्नाला विचारतात, 'अशा शंभर जणांपैकी किती जण याचे उत्तर बरोबर देतील?' कोणी साठ म्हणतो, कोणी चाळीस. चर्चा होते, मते बदलतात, सरासरी निघते. तिच्यावरून रेघ ठरते. मग प्रत्यक्ष निकालांशी ती ताडून पाहतात. काम प्रामाणिक आहे, पण अंदाजाचे आहे. शिवाय तोच विद्यार्थी उद्या पुन्हा बसला तर चार गुण इकडेतिकडे व्हायचेच.

वर्धेकरांना ही गोष्ट नवी वाटू नये. 1936 साली आमच्या गावी राष्ट्रभाषा प्रचार समिती सुरू झाली. तिच्या परीक्षांनाही सरकारने अशाच पायऱ्या लावून दिल्या : 'परिचय' म्हणजे मॅट्रिक, 'कोविद' म्हणजे इंटर, 'रत्न' म्हणजे बी. ए.; अर्थात केवळ हिंदीच्या ज्ञानापुरते. आमच्या आजोबांच्या पेटीत कोविदचे प्रमाणपत्र होते. 'इंटरच्या बरोबरीचे' असे ते अभिमानाने सांगत. पण कोविदाला हिंदीत नेमके काय करता येते, हे त्या बरोबरीवरून कळत नसे. एका परीक्षेची तुलना दुसऱ्या परीक्षेशी, एवढेच.

आणि दुसऱ्यांना का हसावे? मी स्वतः इतकी वर्षे मराठीच्या उत्तरपत्रिका तपासतो आहे. पस्तीस म्हणजे पास. पण पस्तीसवाल्याला मराठीत एखादा साधा अर्ज नीट लिहिता येतो का? तलाठ्याची नोटीस वाचून समजते का? हे मला आजवर कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही. चौतीसवाल्याला वाढीव एक गुण देताना हात अडखळतो तो दयेपोटी. त्या एका गुणाने काय येते नि काय अडते, याचा विचार तेव्हा मनात नसतो.

मुलीला मी म्हटले, "बाई, तुला फ्रेंच येत नाही असे हा कागद म्हणत नाही. एका ठरवून ओढलेल्या रेघेच्या तू सहा गुण अलीकडे आहेस, एवढेच तो म्हणतो. बोलणे, लिहिणे, वाचणे झाले. आता दोन महिने फक्त कान तयार कर आणि पुन्हा बस."

"पुन्हा फी भरावी लागेल, सर. बाबांचा कापूस अजून विकायचा आहे."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. रेघ ओढणाऱ्यांना तिच्या अलीकडची माणसे दिसत नाहीत. मलाही कुठे दिसत होती? तिने चकली उचलली, कागदाची नीट घडी घातली आणि म्हणाली, "बसेन मात्र नक्की."

यंदा पेपर तपासायला बसलो, तेव्हा पस्तीसच्या आसपासचे गठ्ठे मी दोनदा वाचले.